इंजिनाची बैठक

घरी विमान बांधणारा माणूस इंजिन विकत आणतो. पंखा, चाकं, मोजमापाची घड्याळं विकतच येतात. आराखडासुद्धा बहुधा दुसऱ्या कुणाचा असतो. पण इंजिन आणि विमानाचं धड यांच्यामधला पोलादी नळ्यांचा सांगाडा त्याला पुष्कळदा स्वतःच घडवावा लागतो. ते विशिष्ट इंजिन त्या विशिष्ट धडावर आधी कुणी बसवलेलंच नसतं ना! या सांगाड्याला माउंट म्हणतात. मोटारीच्या गॅरेजात त्याच्या भाईबंदाला ‘फाउंडेशन’ म्हणतात आणि ते गेलं की गाडी थरथरते, हे आपल्याला ठाऊक असतं. विमानात ते गेलं तर काय होईल, ते सांगायला नको.

आपल्या बाजूने याचं कुळ शोधायला निघालं, तर मी सुरतेपासून सुरुवात करीन. लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे पारशी सुतार-जहाजबांधणीकार. ते १७३६ मध्ये मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या सागवानी जहाजं बांधली. शिडाच्या जहाजात वाऱ्याचा जोर डोलकाठीतून आणि दोरखंडांतून सगळ्या धडावर वाटला जातो. लवजींच्याच वंशातल्या अर्देशिर करसेटजींनी १८३३ मध्ये, वयाच्या पंचविशीत, ‘इंडस’ नावाचं साठेक टनांचं छोटं जहाज बांधून त्यात वाफेचं इंजिन बसवलं. पुढे १८४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले. माझगावच्या बंगल्यात त्यांनी लावलेल्या गॅसच्या दिव्यांबद्दल सगळे लिहितात. त्या इंजिनाखालच्या सुतारकामाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. खरी अडचण तर तिथेच असते. लाकडी धड लाटेवर किंचित वाकतं, पिळतं. लोखंडी यंत्राला ते चालत नाही, कारण दांडा जरा वाकडा झाला की बेअरिंग तापलंच. म्हणून जहाजाच्या लांबीत जाड तुळया टाकून त्यांवर इंजिन बसवायचं, म्हणजे वजन आणि हिसका एका जागी न पडता अनेक फासळ्यांवर विभागला जातो. विमानाच्या माउंटचं कामही हेच आहे.

राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानात वेगळं माउंट जवळजवळ नव्हतंच. चार्ली टेलरने घडवलेलं बारा अश्वशक्तीचं इंजिन खालच्या लाकडी पंखावर, मधल्या रेषेच्या उजवीकडे ठेवलेलं; वैमानिक डावीकडे पालथा. इंजिन माणसापेक्षा जड, म्हणून उजवा पंख डाव्यापेक्षा चार इंच लांब केला. इंजिन कुठे बसतं यावरून सगळ्या विमानाचा आकार ठरतो, याचा इतका उघड पुरावा पुढे क्वचितच मिळाला. नंतर इंजिन नाकावर गेलं, धड वेल्ड केलेल्या नळ्यांचं झालं, आणि आगरोधक पत्र्यापुढे, म्हणजे फायरवॉलपुढे, नळ्यांचे त्रिकोण जोडत इंजिनापर्यंत जायची रीत पडली. कारण त्रिकोणात नळी मुख्यतः दाबली किंवा ताणली जाते. वाकवणारा जोर तिच्यावर फारसा येत नाही.

घरगुती विमानांत माउंट बदलण्याची परंपरा गरिबीतून आली, असं म्हणायला हरकत नाही. अमेरिकेत मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह गावचा बर्नार्ड पिटनपोल हा मोटार-मेकॅनिक. विमानाचं इंजिन परवडत नव्हतं, म्हणून १९२९ मध्ये त्याने आपल्या ‘एअर कँपर’वर फोर्डच्या मॉडेल ए मोटारीचं इंजिन बसवलं. पुढे ६५ अश्वशक्तीची काँटिनेंटल इंजिनं सहज मिळू लागली, तशी लोकांनी त्याच विमानावर ती लावायला घेतली. फोर्डचं इंजिन सुमारे ११० किलो, काँटिनेंटल ८० च्या आत. वजन कमी झालं म्हणजे सोय झाली, असं वाटेल. पण विमानाचं शेपूट जड पडतं. ढोबळ हिशेब मांडू. आधीचं इंजिन तोलाच्या बिंदूपासून एक मीटर पुढे असेल, तर ७७ किलोचं इंजिन तेवढाच तोल राखायला त्याच बिंदूपासून जवळजवळ १४३ सेंटीमीटर पुढे न्यावं लागेल. म्हणजे नळ्या लांब हव्यात. हात लांब करून भरलेली बादली धरावी तसं ते आहे: बादली तीच, पण खांद्याला कळ येते. लांब नळी दाबाखाली वाकायला सोपी, आणि लांबलेलं नाक वाऱ्यात विमानाला आडवं वळवू बघतं. पिटनपोलच्या पाठीराख्यांनी यावर माउंट लांब करणं, धड लांब करणं, वरचा पंख मागे सरकवणं, असे सगळे उपाय केले.

रबर या गोष्टीत उशिरा आलं. पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावच्या ह्यू लॉर्डने १९२४ मध्ये धातूला पक्कं चिकटवलेल्या रबराचा धंदा सुरू केला. १९३१ मध्ये क्रायस्लरने ‘फ्लोटिंग पॉवर’ या नावाने रबरावर तोललेलं इंजिन प्लिमथ गाडीत आणलं. विमानाची अडचण अधिक अवघड होती. मोटारीच्या इंजिनाला दोन्ही टोकांना आधार देता येतो, विमानाचं मात्र मागच्या बाजूने चार बोल्टांवर अधांतरी लटकतं. मागे सरळ रबरं लावली तर नाक खाली झुकतं, आणि इंजिनाचा डोल व उडी एकमेकांत अडकतात. एमआयटीचे एडवर्ड टेलर आणि राइट एरोनॉटिकल कंपनीचे के. ए. ब्राउन यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस यावर तोडगा मांडला: रबरं तिरकी लावा, अशी की त्यांच्या अक्षरेषा पुढे जाऊन इंजिनाच्या गुरुत्वमध्याजवळ एकत्र येतील. मग मागून धरलेलं इंजिन जणू स्वतःच्या पोटात धरल्यासारखं वागतं. हेच ‘डायनाफोकल’. लायकमिंग कंपनीच्या विमान-इंजिनांत डायनाफोकलच्या पहिल्या प्रकाराची रबरं ३० अंशांनी आणि दुसऱ्याची १८ अंशांनी कललेली असतात. जुन्या, शंकूच्या आकाराची रबरं लावलेल्या इंजिनाचे बोल्ट सरळच. म्हणून अश्वशक्ती तीच असली तरी एक काढून दुसरं लावताना माउंट नवं लागतं. स्वस्तात मिळालेलं इंजिन इथे महाग पडतं.

रबराची महती सुरतेत पटवून द्यावी लागत नाही. उधना, लिंबायत भागात खानदेशातून येऊन यंत्रमागांवर काम करणारी हजारो कुटुंबं आहेत. शटलच्या मागाचा हादरा जमिनीतून तळपायाला कसा लागतो, ते त्यांना सांगायला हवं का? सुरतेच्या विमानतळावर व्हेंचुरा कंपनीची सेसना कॅरव्हान विमानं उडत आली आहेत. कंपनी तिथल्याच हिरे व्यापाऱ्यांनी उभी केलेली. त्यांच्या नाकातही फायरवॉलला बांधलेला नळ्यांचा सांगाडाच आहे. टर्बाइनला पिस्टनचे ठोके नसतात, म्हणून थरथर निराळी. पण पंख्याची ओढ आणि पीळ चुकत नाही.

सुरतेहून महामार्गाने खानदेशात उतरलं की धुळे. तिथल्या धावपट्टीवर २०२० मध्ये अमोल यादव यांनी आपलं सहा आसनी विमान उडवलं. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं हे विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं; नोंदणी मिळायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. वर्तमानपत्रांनी गच्ची आणि सरकारी कागद यांवर रकाने भरले. मला मात्र अशा बातमीत वेल्डिंगची चौकशी करावीशी वाटते.

ते काम असं चालतं. नळ्या बहुधा क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या, ४१३० जातीच्या. आधी जिग बांधायचा, म्हणजे फायरवॉल आणि इंजिन यांच्या छिद्रांच्या जागा पक्क्या धरणारा जड साचा. वेल्डिंगची उष्णता नळ्यांना ओढते आणि जिगमधून सुटताच चार छिद्रांतलं एखादं दोन मिलिमीटर सरकलेलं निघतं. तिथे बोल्ट ठोकून बसवायचा मोह होतो, आणि तो टाळावाच लागतो, कारण ओढून बसवलेल्या सांध्यात ताण कायमचा मुक्कामाला येतो. नळी जोडायची असेल तर बाहेरून जाड नळीचा तुकडा चढवतात आणि त्याची टोकं माशाच्या उघड्या तोंडासारखी तिरकी कापतात, म्हणजे वेल्डची रेघ नळीला एकाच कापात वेढत नाही. शेवटी नळ्यांच्या पोटात गरम जवसाचं तेल फिरवून ओतून काढतात आणि भोक बंद करतात, आतून गंज धरू नये म्हणून. विमानासाठी जवस! खानदेशात हे ऐकून कुणी हसलं, तर राग मानू नये.

मग विमान पुन्हा चाकांखाली काटे ठेवून तोलायचं, आणि पहिल्या काही तासांच्या उड्डाणांनंतर झाकण काढून प्रत्येक सांधा भिंगाने बघायचा. म्हणून जुने लोक माउंटला पांढरा किंवा फिका रंग देतात. तडा गेला तर त्यावर तांबूस रेघ उठते. काही हौशी मंडळी क्रोमचा मुलामा देतात. त्यात तडा लपतो, आणि मुलाम्याच्या टाकीत हायड्रोजन शिरून पोलाद ठिसूळ होतं ते वेगळंच. प्रदर्शनात मात्र सगळ्यात जास्त फोटो त्याच माउंटचे निघतात.