'कास्ट' शब्द पोर्तुगीज, जात मात्र इथलीच!

हल्ली भाड्याची खोली देताना 'जात' कुणी विचारत नाही, 'तुमची कास्ट?' असे विचारतात. इंग्रजी शब्द वापरला की प्रश्न सभ्य होतो, असा समज आहे.

पण मित्रांनो, हा शब्द मुळात इंग्रजीही नाही. पोर्तुगीज 'कास्ता' म्हणजे वंश, कूळ, वाण. पाचूबंदरच्या कोळीवाड्याजवळचा वसईचा किल्ला ज्यांच्या ताब्यात १५३४ च्या तहापासून १७३९ पर्यंत होता, त्याच पोर्तुगीजांनी इथल्या जातींना हे नाव दिले. गार्सिया द ओर्ता याच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात तो या अर्थाने सापडतो.

यावरून काही विद्वान सांगतात की जात परकीयांनी आणली. नाव परक्यांनी ठेवले म्हणून लेकरू परक्यांचे होते का? पोर्तुगीज येण्यापूर्वीच चोखोबांना विठ्ठलाच्या देवळाबाहेर उभे राहावे लागले होते. त्याच्या कितीतरी शतके आधी तथागतांनी वासेट्ठ सुत्तात सांगितले की, माणूस जन्माने नव्हे, कर्माने ब्राह्मण ठरतो. रोगच नव्हता तर हे औषध कशासाठी? उलट वसईत धर्म बदलला तरी सामवेदी, वाडवळ, कोळी या ओळखी ख्रिस्ती समाजातही टिकल्या.

या परक्या शब्दाचे हत्यार केले ते बाबासाहेबांनी. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचताना ते अवघे २५ वर्षांचे होते. जातीतच लग्न हे जातीचे मर्म, असे त्यांनी दाखवून दिले. १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' आले. १९३५ च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' आले, पुढे संविधानात कलम ३४१ आले. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही त्या सवलती मिळाल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील सिएटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली, तीही याच शब्दाने.

म्हणजे शब्द एकच, पण तो कुणाच्या तोंडी आहे यावर अर्थ ठरतो. घरमालकाच्या तोंडी तो बंद दार आहे, आपल्या दाखल्यावर तो हक्क आहे. आणि लग्नाच्या जाहिरातीत 'कास्ट नो बार' लिहून खाली 'एससी/एसटी क्षमस्व' छापणारे बाबासाहेबांचा १९१६ चा सिद्धांत रोज खरा करून दाखवतात.

म्हणून शब्द बदलून समाधान मानू नका. 'कास्ट' म्हणा की 'जात', मोडायची आहे ती व्यवस्था.

जय भीम!