नानांची चौदा खोल्यांची चाळ

माझे नाना, म्हणजे आईचे वडील, बोटीवर सारंग होते. गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. १९३८ साली त्यांनी माझगावात चौदा खोल्यांची एक जुनी चाळ विकत घेतली. गेल्या महिन्यात माझ्या मुलीने विचारलं, ‘अब्बा, पनवेलकडे एक छोटा फ्लॅट घेऊन भाड्याने देऊ का?’ तेव्हा मला ही चाळ आठवली.

घर बांधून भाड्यावर जगणं हा मुंबईचा जुना धंदा. १८५४ साली कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली. पुढे गिरण्या वाढल्या, कोकणातून आणि घाटावरून माणसं आली, आणि त्यांच्यासाठी खासगी मालकांनी चाळी उठवल्या. गिरणीचा भोंगा ऐकू येईल आणि पायी पोचता येईल अशी खोली कामगाराला हवी असे. हे ज्याला कळलं त्याची चाळ भरली.

सरकारला मात्र ते कळलं नाही. १९२० साली गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. बीडीडी चाळी त्याच्याच. पन्नास हजार खोल्या बांधायच्या, आणि पैशासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर घ्यायचा, असा बेत होता. प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या. एकेका चाळीत ऐंशी खोल्या. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. वरळी तेव्हा गिरण्यांपासून आडबाजूला. भाडं कमी करूनही तिथल्या कितीतरी खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. १९३०च्या सत्याग्रहात तर काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. ज्या घराला भाडेकरू मिळेना, त्याला कैदी मिळाले!

नानांना हा इतिहास ठाऊक असेल असं वाटत नाही. पण आई सांगायची, सौदा करण्याआधी ते चार संध्याकाळी त्या गल्लीत जाऊन उभे राहिले आणि कुठल्या खोल्यांत दिवे लागतात ते मोजलं. गोदी जवळ होती. बोटी येणार तोवर खलाशी येणार, खलाशी येणार तोवर खोली रिकामी राहणार नाही, एवढंच त्यांचं अर्थशास्त्र. महिना सहा रुपये खोली. चौदा खोल्यांचे चौऱ्याऐंशी.

मग कायदा आला. युद्धाच्या काळात शहरात गर्दी झाली, भाडी भडकली. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीवर बांधली. कायदा तात्पुरता म्हणून केला होता. त्याची मुदत वाढत राहिली. नानांचे सहा रुपये सहाच राहिले. चुना, सिमेंट, गवंड्याची मजुरी मात्र थांबली नाही. मालकांनी दुरुस्ती सोडली आणि पागडी धरली. १९८५ साली मी मामांबरोबर भाडं गोळा करायला गेलो होतो. पूर्ण चाळीचं भाडं हातात घेऊन मामा तुटलेल्या कठड्याकडे बघत बसले. त्या पैशात कठडाही होणार नव्हता. पुढे त्यांनी चाळ विकली.

आता दुसरी बाजू. माझे वडील गिरणीत साचाखात्यात होते, आणि आम्ही मदनपुऱ्यात दुसऱ्याच कुणाच्या चाळीत राहत होतो. भाडं नऊ रुपये. १९८२च्या जानेवारीत संप झाला तेव्हा मी बारा वर्षांचा. पगार बंद झाला, आईच्या बांगड्या गेल्या, पण खोली गेली नाही. नऊ रुपये कसेही उभे राहत. ज्या कायद्याने नानांची चाळ खाल्ली, त्यानेच आमचं छप्पर राखलं. म्हणून या कायद्याला वाईट म्हणणाऱ्यांच्या बैठकीत मी गप्प बसतो, आणि चांगलं म्हणणाऱ्यांच्याही.

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेली भाडी अवाजवी ठरवली. २००० साली लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, पागडीलाही मान्यता दिली. आज बहुतेक व्यवहार अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर होतात. मालक निर्धास्त झाला, भाडेकरूने दर वर्षी सामान बांधायची तयारी ठेवायची. आणि नाव ऐकून ‘घर आत्ताच गेलं’ असं सांगणारे मालक मला पुण्यात तीनदा भेटले. तेव्हा मुलीला पहिली अट तीच घातली, की नावावरून कुणाला परत पाठवायचं नाही.

दुसरं हिशेबाचं. या भागात वर्षाचं भाडं घराच्या किमतीच्या मानाने फार थोडं येतं, कर्जाचं व्याज त्याहून बरंच जास्त. तिला म्हटलं, विमानतळाच्या जाहिराती बाजूला ठेव. संध्याकाळी जाऊन दिवे मोज.

ती परवा जाऊन आली. सात मजली इमारत, अठ्ठावीस घरं. नऊ घरांत दिवे होते.