पाळण्यातला मार्तंड

चिंचवडकर आणि दिनकर या दोन्ही नावांच्या शेवटी ‘कर’ आहे, पण हे दोन कर एकमेकांचे कोणी लागत नाहीत. आडनावातला कर गाव सांगतो: चिंचवडचा, चाकणचा, तळेगावचा. दिनकरमधला कर संस्कृतातून आलेला, ‘करणारा’. दिवस करणारा तो दिनकर आणि दिवाकर, प्रभा करणारा प्रभाकर, ‘भास्’ म्हणजे तेज करणारा भास्कर. एक कर ठिकाण सांगतो, दुसरा काम. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात नव्या माणसाची ओळख आजही याच दोन प्रश्नांनी होते: गाव कुठलं, आणि कामाला कुठे?

नावं मात्र पूर्वी कामावरून ठेवली जात नसत. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली आणि चिंचवडचं चापेकर घराणं इतिहासात गेलं. त्या घरातल्या तिघा भावांची नावं दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव. तिन्ही एकाच देवाची. मुलाला हाक मारताना नामस्मरणही घडावं, हा त्यामागचा भाव. मुलाला ‘नारायण’ म्हणून हाक मारणारा अजामिळ कसा तरला, ही गोष्ट कीर्तनातून घरोघरी पोचलेली होती.

सूर्यही याच वाटेने पाळण्यात आला, भक्तीच्या. पैठणचे संत भानुदास बालपणी सूर्योपासनेत रमले, अशी परंपरा सांगते. त्यांच्या नातवाचं नाव सूर्यनारायण आणि सूर्यनारायणांचे पुत्र संत एकनाथ. जांबच्या सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी १६०८ मध्ये जन्मलेला नारायण पुढे समर्थ रामदास झाला. १६७० च्या सिंहगडच्या लढाईत तानाजी मालुसरे पडल्यावर मावळ्यांना सावरणारा त्यांचा भाऊही सूर्याजीच.

पण तेजाचं नाव ठेवण्याची हिंमत प्रत्येक घराला होत नसे. आधीची मुलं दगावलेली असतील तर पुढच्याला दगडू, धोंडू, केरू म्हणत, म्हणजे नजर लागणार नाही, मृत्यूला त्याचा मोह पडणार नाही. या नावांकडे आज गावंढळ म्हणून पाहिलं जातं, तो मोठा अन्याय आहे. त्यांच्याइतकी काळजीने ठेवलेली नावं दुसरी नसतील. आणि सूर्याच्या नावांतही एक नाव नेमकं याच दुःखातून आलेलं आहे. ते म्हणजे मार्तंड.

मार्तंड या शब्दात ‘मृत’ आहे आणि ‘अंड’ आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अदितीच्या आठ मुलांची कथा येते. सात मुलांना घेऊन ती देवांकडे गेली, आठव्या मार्तंडाला तिने टाकून दिलं आणि नंतर परत आणलं. शतपथ ब्राह्मणात ही कथा जास्त उलगडते. जन्मलं ते मूल नव्हतंच, जितका उंच तितकाच रुंद, आकार नसलेला गोळा होता. भावांनी तो वाया जाऊ दिला नाही. त्याला घडवलं, आणि तो सूर्य झाला. म्हणजे ज्याची आशा सोडली होती तेच बाळ पुढे जगाचा दिवा ठरलं. दगडूची आई आणि अदिती एकमेकींना सहज ओळखतील.

या पट्ट्यात मार्तंड कधीच पोथीत अडकून राहिला नाही, कारण इथे तो खंडोबा आहे. जेजुरीचा मार्तंड भैरव, हळदीच्या भंडाऱ्यात न्हालेला, रविवार हा त्याचा वार. चाकण ज्या खेड तालुक्यात येतं त्याच तालुक्यात निमगावच्या टेकडीवर त्याचं ठाणं आहे, आणि आकुर्डीत खंडोबा माळ. खंडेराव, मल्हारी, म्हाळसाकांत, मार्तंड ही नावं इथल्या शेतकरी आणि धनगर घरांत पिढ्यान्‌पिढ्या फिरली. जुन्या बोलीत रविवारला आदितवार, ऐतवार म्हणत, आणि श्रावणातल्या रविवारी बायका आदित्यराणूबाईची कहाणी वाचत. पुढे त्याच माळांवर कारखाने आले आणि वारांचं गणितच बदललं. भोसरी-पिंपरीतल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे खंडोबाचा वार इथे कित्येकांच्या कामाचा वार होऊन बसला.

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, १९६६ मध्ये टेल्को आली. कोकण, सातारा, मराठवाडा, खानदेशातून जी पिढी इथे कामाला आली, तिच्यात दिनकर, प्रभाकर, भास्कर, रवींद्र ही नावं जागोजागी होती. थोरला प्रभाकर आणि धाकटा सुधाकर, एक सूर्य एक चंद्र, अशा भावांच्या जोड्याही अनेक घरांत. ही नावं आता देवाची हाक राहिली नव्हती. ती अर्थासाठी, नादासाठी निवडली जात होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, तेव्हापासून ते शाळाशाळांत रुजले, आणि त्यासोबत म्हटली जाणारी सूर्याची बारा नावं मुलांना पाठ होऊ लागली. त्यांतले रवी, भानू, आदित्य, भास्कर पाळण्यात पोचले. खग आणि हिरण्यगर्भ यांना मात्र कोणी आत्या बाळाच्या कानात सांगायला धजली नाही. मशीनवर दिनकरचा दिन्या आणि रवींद्रचा रव्या व्हायचा, आणि निवृत्तीच्या हारासोबत एकदम दिनकरराव.

बारांपैकी सविता हे नाव विलक्षण. मूळ शब्द सवितृ, पुल्लिंगी. जसं पितृचं पिता, तसं सवितृचं सविता. पण मराठीने शेवटचा आकार ऐकला आणि नाव मुलींना देऊन टाकलं. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी विवाह झाल्यावर डॉ. शारदा कबीर सविता आंबेडकर झाल्या. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिण्याच्या रिवाजामुळे कितीतरी मुलींना सूर्य असा सासरी भेटला.

बारांतलं पहिलं नाव मित्र, आणि ते सगळ्यात लांब फिरून आलेलं आहे. संस्कृतात मित्र म्हणजे सूर्यही आणि सखाही. इराणात त्याचा मिथ्र झाला, मग मिह्र, मेहेर, आणि तिथेही अर्थ दुहेरीच राहिला: सूर्य आणि माया. तोच मिह्र भारतात परतला आणि संस्कृतात मिहिर म्हणून बसला. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या नावात तो आहे, नूरजहानच्या मूळच्या मेहरुन्निसा या नावात आहे, आणि १८९४ मध्ये पुण्यात जन्मलेल्या मेहेरबाबांच्या नावात त्याची माया आहे. खुर्शेद हे पारशी नाव अवेस्तातल्या ‘तेजस्वी सूर्य’ या जोडशब्दावरून आलं. त्यातला तेजाचा ‘शेद’ जमशेदमध्येही आहे. जमशेद म्हणजे तेजस्वी यिम. हा यिम आपला यम, आणि यमाचा बाप विवस्वान, म्हणजे पुन्हा सूर्यच. पिंपरीच्या टेल्कोत ट्रक जोडणाऱ्यांच्या कंपनीचं मूळ ज्या जमशेदजी टाटांपाशी जातं, त्यांच्या नावाचा उगम असा मार्तंडाच्या भावकीत निघतो.

मुसलमान घरांतले आफताब आणि शम्सुद्दीन हेही सूर्याचेच. मराठी बायबलातला शमशोन, इंग्रजीत सॅमसन, हिब्रूतल्या ‘शेमेश’ म्हणजे सूर्यावरून आला. जपानीत योको हे नाव ‘सूर्यप्रकाश’ या चिन्हाने लिहिता येतं आणि ‘महासागर’ या चिन्हानेही. कोणतं चिन्ह घ्यायचं ते आईबाप ठरवतात.

आता इथल्या सोसायट्यांमधल्या बारशांना नाव ठरतं ते नावरस अक्षर आणि मोबाइलवरच्या याद्या पाहून. अरुण मागे पडला, अरुषवरून आरुष आला. बाराव्या दिवशी आत्या पाळण्यापाशी वाकून कानात कुर्र करते आणि नाव सांगते. पारस्कर गृह्यसूत्रानुसार बाळाला घराबाहेर नेऊन सूर्य दाखवायचा तो चौथ्या महिन्यात, म्हणजे सूर्याचं नाव धारण करणाऱ्याची सूर्याशी गाठ पडते ती नंतर. पुढे पहिल्या संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण: काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून ओघळणारी बोरं.

याद्यांत हल्ली विहान पुष्कळ दिसतो. अर्थ पहाट. नवं, शहरी, जरा महागडं वाटणारं हे नाव चाकणच्या कामगार वस्त्यांत रोज ऐकू येतं, थोड्या वेगळ्या उच्चाराने. बिहारमधून आलेल्या भोजपुरी माणसाच्या तोंडी बिहान म्हणजे सकाळ, आणि उद्याही. कार्तिकात छठला हीच माणसं मोशीजवळ इंद्रायणीच्या घाटावर उतरतात. मावळत्या सूर्याला अर्घ्य देतात, उपास धरून रात्र काढतात, आणि दुसऱ्या दिवशी थंड पाण्यात उभं राहून पूर्वेकडे पाहत बिहान होण्याची वाट बघतात.