कडक तंबाखू : पारख आणि प्रतवारी

कडक तंबाखूची पारख : खाण्याची, ओढण्याची किंवा भाजून दाताला लावण्याची तंबाखू किती जोरकस आहे, तिचा वास, चव आणि जळण कसे आहे, हे पाहून तिची प्रत ठरवण्याची रीत. कऱ्हेकाठी, म्हणजे बारामतीच्या पट्ट्यात, ‘कडक’ हे विशेषण चहाला, उन्हाला आणि माणसाच्या स्वभावालाही लागते. तंबाखूच्या बाबतीत मात्र त्याचा अर्थ नेमका आहे. चिमूट ओठाआड धरल्यावर ती किती लवकर ‘लागते’, यावर कडकपणा मोजला जातो. लागणे म्हणजे डोके हलके होणे, कपाळावर घाम येणे, कधी उचकी लागणे. सवय नसलेल्या माणसाला त्याच चिमटीने भोवळ येते आणि मळमळते. हा निकोटिनचा परिणाम असतो. कडकपणाचा निवाडा जिभेच्या आधी डोके देते, हे या पारखेचे पहिले वैशिष्ट्य.

हा मुलूख तंबाखूच्या पिकाचा नाही. नीरेच्या कालव्याचे पाणी पोचले तिथे ऊस उभा राहिला, जिथे पोचले नाही तिथे ज्वारी-बाजरी. तंबाखू येते ती बाजारातून : खाण्याचा जर्दा संगमनेरसारख्या गावांतून पुड्या भरून, आणि विडीची तंबाखू निपाणीच्या बाजूने. पण पिकवणे एक आणि ओळखणे एक. चंची सोडून चिमूट काढायची, तळहातावर चुन्याचे बोट ओढायचे, अंगठ्याने मळायचे, दुसऱ्या हाताने थापटून धूळ उडवायची आणि मग तोंडात टाकायची, ही सगळी कृती सवयीची वाटते. प्रत्यक्षात ती तपासणीच असते. मळताना पान चुरते की चिवट राहते ते अंगठ्याला कळते. थापटल्यावर किती धूळ उडाली, यावरून भेसळ आणि माती कळते. शेजारी बसलेल्याला शिंक आली, तर माल जोरकस आहे हे त्याने न खाताच सांगितलेले असते.

तंबाखू दख्खनेत आली पोर्तुगीजांच्या मागोमाग. तिच्या कौतुकाची पहिली प्रसिद्ध हकिगतही इथूनच फार दूर नसलेल्या विजापूरची आहे. आदिलशाही दरबारात गेलेला मोगल वकील असद बेग याने तिथे तंबाखू पाहिली आणि १६०४-०५च्या सुमारास सजवलेल्या नळीसह ती अकबरापुढे ठेवली. बादशहाने थोडी ओढून पाहिली. हकिमाने हरकत घेतली. पुढे १६१७ साली जहांगीरने तिच्यावर बंदी घातली. ती टिकली नाही. तंबाखू आणि तिच्याबद्दलची भीती मोगल दरबारात एकाच दिवशी दाखल झाली, असेच म्हणावे लागते.

कडकपणा येतो कुठून, याचे उत्तर शेतात आहे. निकोटिन तयार होते झाडाच्या मुळांत आणि तिथून ते पानांत चढते. फुलोरा येऊ लागला की शेंडा खुडतात, बगलेतले फुटवे काढतात. झाडाचा जीव बियांत न जाता पानांत उतरतो, पान जाड व चिकट होते आणि निकोटिन वाढते. वरची पाने सर्वांत जहाल, खालची फिकी. वेदगंगेच्या खोऱ्यातल्या निपाणीच्या शेतकऱ्याला जे ठाऊक आहे, तेच क्युबातल्या पिनार देल रिओ प्रांतात, वुएल्ता आबाखोच्या तांबड्या मातीत सिगारचे पान पिकवणाऱ्याला ठाऊक आहे. तिथे वरच्या पानांना लिहेरो म्हणतात, मधल्यांना सेको, खालच्यांना वोलादो. लिहेरो हळू जळते आणि जोर देते, सेको वास देते, वोलादो जळण सांभाळते. भरदार सिगार म्हणजे जिच्या पोटात लिहेरो जास्त आहे ती. लिहेरो सहसा मधोमध ठेवतात, कारण कडेला आले तर जळण वाकडे जाते.

निपाणीत विडीच्या तंबाखूची पारख डोळा, बोट आणि नाक या क्रमाने चालते. पान उन्हात वाळते. पक्व पानावर गडद ठिपके उमटलेले असतात. ते प्रतीचे मोठे लक्षण मानतात. हिरवट राहिलेले पान कच्चे : त्याचा धूर घशाला खवखवतो. बोटाला चिकटपणा लागला पाहिजे. जमिनीवर वाळवलेल्या मालात वाळू येते, आणि वाळू दातांखाली लपत नाही. देठ व शिरांचे प्रमाण वाढले की प्रत उतरते, कारण शिरेत जोर नसतो, नुसते वजन असते. शेवटी चिमूटभर माल वळून ओढून पाहतात. ठसका लागतो की नाही याहीपेक्षा तो कुठे लागतो, हे महत्त्वाचे : घशाच्या तोंडाशी लागला तर माल कच्चा किंवा ओला, छातीत उतरला तर जोरकस.

ही विद्या सूक्ष्म आहे, पण ती दीर्घकाळ एकाच बाजूच्या हातात राहिली. पान हातात घेऊन प्रत सांगणारा आणि त्या प्रतीचा भाव ठरवणारा व्यापारी एकच असला, की शेतकऱ्याचे वर्ष त्याच्या एका नाक मुरडण्यावर अवलंबून राहते. १९८१ साली शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने निपाणीत तंबाखूच्या भावासाठी महामार्गावर ठिय्या दिला. एप्रिलमध्ये पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकरी मारले गेले. तंबाखूच्या प्रतवारीची नोंद लिहिताना हे आंदोलन वगळणे मला चुकीचे वाटते. प्रत हा शब्द ऐकायला निरुपद्रवी आहे. निपाणीत त्याची किंमत माणसांनी चुकवली.

वखारीत आलेल्या मालाला ढिगात ‘ऊब’ येऊ देतात. ओलसर पाने रचून ठेवली की ढीग आतून तापतो, अमोनियाचा उग्र वास बाहेर पडतो, कच्चेपणा जातो आणि रंग गडद होतो. सिगारच्या कारखान्यांत हेच मोठ्या थरांनी, ढीग पुन्हा पुन्हा उलटून, महिनोन्महिने करतात. गोडसर, मातकट, चामड्यासारखे म्हणून जे वास वर्णिले जातात, त्यांतले बरेचसे याच उबेतून येतात. निपाणीच्या वखारींत तो माल निवडणाऱ्या, चाळणाऱ्या बाया दिवसभर त्याच धुळीत श्वास घेत. या कामगार बायांच्या लढ्यावर युगांतर या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. नावातच ऊब हा शब्द आहे. आणखी एक गोष्ट इथेच नोंदवली पाहिजे. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स ही कर्कजनक द्रव्ये मुख्यतः वाळवताना आणि उबवतानाच तयार होतात. ज्या ढिगात चव पिकते, त्याच ढिगात ती पिकतात. चाखणाऱ्याच्या जिभेला त्यांचा पत्ता लागत नाही.

सिगारची प्रतवारी जगभर गाजली ती १९९२ साली सुरू झालेल्या ‘सिगार अफिशिओनाडो’ या अमेरिकन नियतकालिकामुळे. तिथे सिगारवरची पट्टी काढून पांढरी, क्रमांकाची पट्टी चढवतात, म्हणजे चाखणाऱ्याला नाव कळत नाही. गुण शंभरांपैकी : रूप व बांधणीला १५, चवीला २५, जळण्या-ओढण्याच्या गुणांना २५ आणि एकूण ठशाला ३५. नव्वदीच्या वर गेलेला माल दुकानातून लगेच संपतो. चाखणारा आधी न पेटवता झुरका घेतो, मग सिगारचे तीन भाग मानून प्रत्येकात चव कशी पालटते ते टिपतो, थोडा धूर नाकातून सोडतो, राख किती घट्ट व किती पांढरी आहे ते पाहतो. राखेवरून तंबाखू ओळखण्याची कीर्ती तर साहित्यातही पोचली : १८८७च्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये शेरलॉक होम्स खुनाच्या जागेवरची राख पाहून ती त्रिचनापल्लीच्या चिरुटाची असल्याचे सांगतो. चिरूट हा शब्द मुळात तमिळ, ‘सुरुट्टु’ म्हणजे वळलेले. मराठीने आणि इंग्रजीने तो तिथूनच उचलला.

सिगारचे जाणते जोर आणि चव यांच्यात काटेकोर फरक करतात. जोर म्हणजे निकोटिन. भरीवपणा म्हणजे तोंड भरून राहणारा धूर. चव म्हणजे मिरे, कोको, ओले लाकूड अशी जिभेला व नाकाला होणारी ओळख. चवीला भरदार असलेली सिगार जोराला मध्यम असू शकते. आपला ‘कडक’ हा शब्द तिन्ही एकत्र बांधतो, म्हणून तो ढोबळ समजला जातो. मला तसे वाटत नाही. ‘लागली’, ‘झोंबली’, ‘ठसका बसला’, ‘वास मारते’, ‘तोंड गोड ठेवते’ ही क्रियापदे ऐकली, की भेद सगळे आहेत, फक्त ते विशेषणांऐवजी क्रियापदांत वाटून दिले आहेत, हे ध्यानात येते. झोंबते ती जिभेला आणि लागते ती डोक्याला. दोन्ही एकदम होतीलच असे नाही.

सिगार आणि खाण्याची तंबाखू या दोन रिवाजांना जोडणारा खरा धागा अल्कधर्म आहे. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे तो छातीत न ओढताही तोंडाच्या अस्तरातून निकोटिन रक्तात जाते. खाण्याच्या तंबाखूत हे काम चुना करतो : अल्कधर्म वाढला की निकोटिन मोकळे होते आणि गालाआडून झपाट्याने शोषले जाते. चुना जास्त झाला तर गाल सोलतो, कमी झाला तर ‘लागत नाही’. म्हणून एकाच पुडीतली तंबाखू एकाला नरम व दुसऱ्याला कडक वाटते. फरक बोटावरच्या चुन्याचा असतो.

आपल्याकडची सर्वांत घरगुती प्रतवारी मात्र बायकांच्या हातची, मिसरीची. जाडसर तंबाखू तव्यावर किंवा खापरीवर मंद आचेवर भाजायची, सारखी हलवायची, एकसारखी काळी झाली की उतरवून कुटायची. अर्धी भाजली तर तोंड झोंबते, जास्त भाजली तर राख होते. भाजताना घरभर पसरणारा उग्र, खोकला काढणारा वास आमच्या भागातल्या कित्येकांच्या बालपणात आहे. नाव दात घासण्याचे, पण ती दिवसातून अनेकदा लागते, आणि गरोदरपणीही सुटत नाही. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांची तोंडे तपासून निघालेला, १,०१,७६१ ग्रामस्थांचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांच्या नात्यावरच्या जगातल्या मोठ्या पाहण्यांत तो मोजला जातो. मुंबईतल्या गरोदर स्त्रियांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम कमी वजनाची भरली. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेत होते, ओढणारे ३.८ टक्केच. सिगारच्या चवीवर जगात पानेच्या पाने लिहिली जातात. मिसरी चांगली भाजली आहे की नाही हे तव्यावरच्या नुसत्या वासावरून ओळखणाऱ्या बाईच्या पारखेची नोंद कुठे मिळत नाही, आणि तिच्या तोंडाची तपासणी बहुधा उशिरा होते.