गाठ राखलेलं धनुष्य

माझे वडील सुतार होते. वखारीत सागाची फळी निवडताना ते आधी तिच्यावरून बोटं फिरवून गाठ शोधायचे. गाठ लागली की फळी बाजूला. "गाठीवर रंधा अडतो आणि मागाहून गिऱ्हाईक नावं ठेवतं," असं ते म्हणत. मी पुढे इतिहासाचा शिक्षक झालो, हत्यारं माळ्यावर गेली. पण वडिलांचा हा धडा मनात इतका पक्का बसला होता, की तो भलत्या जागी वापरून मी एक धनुष्य मोडलं. आज त्या मोडलेल्या धनुष्याची गोष्ट सांगणार आहे.

इंग्लंडचं मोठं धनुष्य, म्हणजे लाँगबो, हे नाव इतिहासाच्या पुस्तकांत आपण वाचलेलं असतं. १३४६ साली क्रेसी आणि १४१५ साली अ‍ॅजिनकोर्ट या लढायांत इंग्रज धनुर्धाऱ्यांनी फ्रेंच सरदारांच्या सैन्याची दाणादाण उडवली. मीही वर्गात हे उत्साहाने सांगत असे. मात्र ते धनुष्य कशाचं होतं, कोणी आणि कसं घडवलं, हे मला एकाही मुलाने विचारलं नाही आणि मलाही कधी पडलं नाही.

निवृत्तीनंतर मुलीकडे इंग्लंडला गेलो, तेव्हा पोर्ट्समथचं 'मेरी रोझ' संग्रहालय पाहिलं. आठव्या हेन्रीचं हे जहाज १९ जुलै १५४५ रोजी फ्रेंच आरमाराशी लढताना किनाऱ्याजवळच बुडालं. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी त्याचा सांगाडा वर काढण्यात आला. त्या शोधकार्यात १३७ अखंड धनुष्यं मिळाली. जेमतेम साडेपाच फुटांचा मी, आणि समोरची धनुष्यं साधारण साडेसहा फुटांची! शंभर ते एकशे पंच्याऐंशी पौंडांची ओढ लावल्याशिवाय ती पूर्ण ताणली जात नसत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आजच्या ऑलिंपिकमधले पुरुष खेळाडू पन्नासएक पौंडांची धनुष्यं वापरतात. एवढी ताकद एका दिवसात येत नाही. तिसऱ्या एडवर्डने १३६३ साली सुट्टीच्या दिवशी तिरंदाजीचा सराव करण्याचं फर्मानच काढलं होतं. जहाजावर सापडलेल्या काही सांगाड्यांच्या खांद्याच्या हाडांवरही लहानपणापासून केलेल्या या सरावाच्या खुणा दिसतात, असं संशोधकांचं मत आहे.

पण मला थबकवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. ती धनुष्यं गुळगुळीत नव्हती. अंगावर हत्याराच्या खुणा होत्या आणि जागोजागी उंचवटे होते. राजाच्या जहाजावरचं शस्त्र, आणि ते असं ओबडधोबड? माझ्यातला सुताराचा मुलगा चक्रावून गेला.

उत्तर मिळालं मुलीच्या गावाजवळच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे. तो अजून जुन्या पद्धतीने धनुष्यं करतो. त्याच्या शेडमध्ये मी ओळीने सहा शनिवार गेलो.

हे धनुष्य यू नावाच्या झाडाच्या लाकडाचं असतं. या झाडाची एक गंमत आहे. सालीखालचं पांढुरकं लाकूड ताण सोसतं, तर आतला तांबूस गाभा दाब सोसतो. म्हणून दोन्हींचा सांधा जिथे असतो तिथलंच लाकूड घ्यायचं. पांढरा थर बाणाच्या दिशेला बाहेर आणि तांबूस भाग आपल्याकडे. दोन निराळ्या गुणांचं लाकूड झाडानेच एकत्र जोडून दिलेलं असतं, सरस लावावी लागत नाही.

ओंडका पाचर ठोकून फाडायचा, म्हणजे तो धाग्यांच्या दिशेने उकलतो. मग वर्ष-दोन वर्षं सावलीत वाळवायचा. पुढचं काम धीराचं. बाहेरच्या अंगाला वाढीचं एकच वलय या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राखायचं. गाठ आली की ते वलय टेकडीसारखं वर उचलतं. तिथे हत्यारानेही चढायचं आणि उतरायचं. गाठीभोवती थोडं जास्तीचं लाकूड ठेवायचं. कुजलेली गाठ असेल तर ती कोरून भरून घ्यायची. मेरी रोझवरच्या उंचवट्यांचं उत्तर हे होतं. ते कारागिरीचं उणेपण नव्हतं, तीच कारागिरी होती.

हे सगळं ऐकूनही तिसऱ्या शनिवारी म्हातारा चहा करायला आत गेला आणि माझा हात गेला. एकच उंचवटा सगळी रेषा बिघडवत होता. चार हात मारले, झालं सपाट! मनातल्या मनात वडिलांना दाखवूनही झालं.

पुढची पायरी वाक तपासण्याची. धनुष्य एका उभ्या खांबावर टेकवून दोरी इंच-इंच ओढायची, कुठे ताठ आहे ते पाहायचं आणि फक्त आतल्या अंगाने तेवढंच खरवडायचं. दोरी अर्ध्यावर आली आणि कडाड् असा आवाज झाला. मोडलं ते नेमकं सपाट केलेल्या जागी. म्हातारा रागावला नाही. तुकडा उचलून म्हणाला, "फांदीला धरून ठेवायला झाडाने इथले धागे वळवून घेतले होते. ते तुम्ही कापलेत."

माझ्या चुकीत एक ऐतिहासिक बाब दडली होती, ती मला मागाहून उमगली. सरळ, बिनगाठीच्या लाकडाचा सोस इंग्लंडलाही होताच. इंग्लंडचा यू खालपासून फांद्या फोडणारा, गाठींचा. उंच डोंगरावर सावकाश वाढलेला यू सरळ आणि चिवट, म्हणून स्पेन, इटली, आल्प्स इथून लाकूड मागवलं जाई. १४७२ साली कायदाच झाला की, येणाऱ्या मालाच्या दर टनामागे व्यापाऱ्याने धनुष्याच्या चार कांबी आणल्याच पाहिजेत. १४८४ साली गोड मद्याच्या दर पिंपामागे दहा कांबींची अट आली. यू फार हळू वाढतो. पुढच्या शंभर वर्षांत मध्य युरोपातल्या जंगलांतून चांगले यू जवळजवळ संपले. १५९५ साली इंग्लंडच्या राजसभेने प्रशिक्षित फौजेत धनुष्याऐवजी बंदूक आणायचं ठरवलं. मुख्य कारण बंदूकच. ती चालवायला माणूस थोड्या आठवड्यांत तयार होतो, धनुर्धारी घडवायला बालपण लागतं. पण तोवर झाडंही हाताशी उरली नव्हती.

या झाडाच्या कुळावर विसाव्या शतकात पुन्हा तशीच वेळ आली. आपल्या नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी अमेरिकेतल्या यूच्या सालीतून मिळालेल्या टॅक्सॉल या कर्करोगविरोधी द्रव्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध केली. औषधासाठी साल हवी, आणि साल काढली की झाड मरतं. मग शास्त्रज्ञांनी युरोपातल्या यूच्या पानांपासून ते तयार करण्याची वाट काढली. पानं पुन्हा फुटतात. या वेळी झाड मुळासकट संपवायच्या आत माणसाला शहाणपण सुचलं.

म्हाताऱ्याने मला दुसरी कांब दिली, ती पहिलीहून गाठाळ. शेवटच्या तीन शनिवारांत ती पुरी झाली. ओढ माझ्या वयाला झेपेल इतकीच, पण ते मोडलेलं नाही. त्याच्या अंगावर सात उंचवटे आहेत. मुलीच्या घरी ते भिंतीला उभं आहे. वडिलांनी ती कांब नक्की बाजूला काढून ठेवली असती, आणि दाराच्या चौकटीसाठी ते बरोबरच होतं. चौकटीला वाकायचं नसतं. ज्याला वाकून पुन्हा सरळ व्हायचं आहे, त्याच्या गाठी मात्र राखाव्या लागतात.