दृष्टिपटलाची आघातजन्य इजा

डोळ्यावर समोरून बोथट मार बसल्याने आतल्या दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याला, होणारी इजा. बाहेरून नुसती सूज आणि लाली दिसते. खरं नुकसान पुष्कळदा मागे झालेलं असतं.

प्रौढ माणसाचा नेत्रगोल पुढून मागे सुमारे २४ मिमी लांब. मार बसताच तो क्षणभर चपटा होऊन मध्यावर फुगतो. आतला दाट, पारदर्शक काचद्रव पडद्याच्या कडेला घट्ट चिकटलेला असल्याने त्या ताणात कड उसवते. मोठ्या चेंडूचा बराच मार खोबणीची हाडं झेलतात. स्क्वॉशचा ४० मिमीचा चेंडू, बॅडमिंटनचं फूल किंवा उडालेली विटी मात्र थेट डोळ्यावर बसते.

जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी १८७३ साली यातल्या एका प्रकाराचं वर्णन केलं. मार बसल्यावर काही तासांत पडद्याचा भाग राखाडी-पांढरा दिसू लागतो. त्याला आजही ‘बर्लिनची सूज’ म्हणतात, पण तिथे पाणी साचत नाही. प्रकाश टिपणाऱ्या पेशींची टोकं विस्कटतात. बहुतेकदा काही आठवड्यांत नजर सुधारते. मार पीतबिंदूवर, म्हणजे पडद्याच्या मध्यभागावर, जोराचा असेल, तर तिथे छिद्र पडून मधली नजर कायमची अधू होऊ शकते.

पडदा सरकणं याहून घातक. तरुणांत दाट काचद्रव फाटलेली जागा काही काळ दाबून धरतो, त्यामुळे पडदा आठवड्यांनी, कधी महिन्यांनी सुटतो. दुखत तर मुळीच नाही. माराचं दुखणं थांबलं की तपासणी सोडली जाते, आणि घात होतो तो इथेच. डोळ्यापुढे चमक, काळे ठिपके किंवा कडेने उतरणारी सावली दिसली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायला हवं. अमेरिकन मुष्टियोद्धा शुगर रे लिओनार्ड यांना १९८२ साली सराव करताना असे ठिपके दिसू लागले. डावा पडदा सुटल्याचं निदान झालं, ठरलेली लढत रद्द झाली आणि मे महिन्यात बाल्टिमोरला शस्त्रक्रिया झाली. १९८७ मध्ये त्यांनी मार्व्हिन हॅगलर यांना हरवलं.

तपासणीसाठी थेंब घालून बाहुली मोठी करतात. पुढच्या कप्प्यात रक्त साचून आतलं दिसत नसेल, तर सोनोग्राफी करतात. पडदा सुटण्याआधी भेग सापडली, तर तिच्याभोवती लेझरने डाग देऊन ती बंद करता येते. फाटलेली जागा बंद केली तरच सुटलेला पडदा बसतो, हे लोझानचे ज्यूल गोनँ यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं. त्याआधी हा आजार जवळपास असाध्य होता.

अशाच मारामुळे डोळ्यातलं पाणी निचरणारा कोन फाटला असेल, तर पडदा शाबूत राहूनही वर्षांनंतर काचबिंदू होऊ शकतो. अशा रुग्णाच्या डोळ्यातला दाब दरवर्षी मोजतात.