वाशीची रयत, सरकारी मागणी आणि मुखत्यार

बालाघाटाच्या पठारावर, मांजरा नदीच्या दक्षिणेस वसलेल्या वाशीच्या मुलखात सरकारी महसुलाची तक्रार घेऊन कचेरीत स्वतः उभे राहावे की कोणा जाणत्या माणसास पैसे देऊन पाठवावे, हा विचार आयकराच्या नोटिशींबरोबर आलेला नाही. तो हैदराबादच्या निजामाच्या राजवटीपासून येथील कुणब्याच्या आणि व्यापाऱ्याच्या घरात होत आलेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैदराबाद संस्थानात महसूल मक्त्याने देण्याचा प्रघात असता, रयत आणि सरकार यांच्यामध्ये पाटील, कुलकर्णी, देशमुख व देशपांडे हे वतनदार उभे असत. त्यांना मेहनताना द्यावा लागत नसे, कारण त्यांचा हक्क वसुलातूनच वजा होई, आणि म्हणूनच ते रयतेचे किती आणि मक्तेदाराचे किती, हे कोणासही निश्चयाने सांगता येत नसे. 1853 मध्ये दिवाणगिरी स्वीकारलेल्या पहिल्या सालारजंगांनी मक्त्याची पद्धत मोडून पगारी तालुकदार नेमले, 1865 च्या सुमारास जिलाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची रचना, केली, आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन प्रत्येक खातेदाराचा आकार स्वतंत्र ठरला. ही सुधारणा मोठी होती, यात शंका नाही. परंतु तिच्यामुळे खातेदार सरकारसमोर प्रथमच एकटा उभा राहिला, ही गोष्ट इतिहासकारांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही असे मला वाटते.

एकटेपणाचे खरे दुःख भाषेचे होते. पटवाऱ्याचे गावदप्तर मोडी मराठीत, तर वरच्या कचेरीचा कारभार आधी फार्सीत आणि एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकापासून उर्दूत. आपल्याच शेताविषयी आपल्याच नावाने गेलेली अर्जी ज्याला वाचता येत नाही, अशा खातेदाराला अर्जनवीस अपरिहार्य होता. तो कचेरीच्या आवारात बसून तोंडी हकीकत ऐके, ती दरबारी उर्दूत घाली, शेवटी अंगठा घेई आणि अर्जीत काय लिहिले ते मराठीत सांगे. सांगितलेले आणि लिहिलेले एकच आहे, याची हमी त्याच्या सचोटीपलीकडे कशातही नव्हती. तहसीलदाराचा हुकूम विरुद्ध गेला तर अव्वल तालुकदाराकडे, म्हणजे जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे, आणि त्यापुढे गुलबर्ग्याच्या सुभेदाराकडे दाद मागावी लागे. वाशीहून गुलबर्ग्याचा प्रवास, मुद्रांकाचा कागद आणि वकिलाचा मेहनताना हे सारे हाली शिक्क्यात, म्हणजे संस्थानच्या नाण्यात, मोजून थकबाकीच्या रकमेशी ताडून पाहिले, म्हणजे लहान खातेदार अन्याय सोसून गप्प का बसे, हे कळते.

तरीही वकील कधी करावा याचा विवेक प्रकरणाच्या स्वरूपातच होता. दुष्काळात सूट किंवा तहकुबी मागायची तर सगळ्या गावाने पाटलासह जावे, कारण तेथे करपलेले पीकच साक्षीदार होते. वसूल देऊनही बाकी निघाली तर पावतीबही दाखवावी. पण इनामाची चौकशी, वारसाचा हक्क किंवा कायद्याचा अर्थ, असा विषय आला म्हणजे सनदी वकिलावाचून गती नव्हती. संस्थानातील वकीलवर्गाने या कामात मराठी माणसाला मोठा आधार दिला. केशवराव कोरटकरांसारखे गृहस्थ तर वकिलीतून उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोहोचले आणि लोकशिक्षणासही झटले.

सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर चित्र झपाट्याने पालटले. जहागिरी गेल्या, 1950 मध्ये हैदराबादचा विक्रीकर कायदा आला आणि त्याच वर्षीच्या 1 एप्रिलपासून भारतीय आयकर या मुलखास लागू झाला. शेतीच्या उत्पन्नास हा आयकर नसल्याने कुणबी त्यातून सुटला. सापडला तो आडत्या आणि दुकानदार, ज्याची चोपडी मुनीम मराठीत लिही आणि ज्याला नोटीस इंग्रजीत येई. 1922 च्या आयकर कायद्याने त्याला एक मोलाचा अधिकार दिला होता: शपथेवरील जबानीसाठी जातीने बोलावले नसेल, तर नातेवाईक, नोकर, वकील किंवा हिशेबनीस यांपैकी कोणासही त्याने आपल्या वतीने पाठवावे. 1961 च्या कायद्यातही हा अधिकार राहिला. 1949 च्या कायद्याने सनदी लेखापालांचा, ज्यांना आता सर्वजण सीए म्हणतात त्यांचा, व्यवसाय नियमबद्ध झालेला होता. घरचा मुनीम मागे पडून त्याच्या जागी बार्शीचा किंवा सोलापूरचा सीए आला.

आज वाशी तालुक्यातील तेरखेड्याच्या फटाका कारखानदाराला जीएसटीची आणि आयकराची नोटीस भ्रमणध्वनीवर येते, आयकराच्या बहुतेक प्रकरणांत अधिकाऱ्याचे तोंडही दिसत नाही. विवरणपत्र कोणीही भरले तरी त्यातील मजकूर खरा असल्याचे सत्यापन करदात्याच्याच नावे होते. तेव्हा आयकराच्या संकेतस्थळाचा परवलीचा शब्द दुसऱ्याच्या स्वाधीन करून निश्चिंत होणे हे कोऱ्या कागदावर अंगठा देण्यासारखेच आहे. बँकेच्या व्याजाची नोंद राहून गेली असेल, तर आपले कागद जुळवून आपणच उत्तर द्यावे. त्यासाठी फी मोजण्याचे कारण नाही. परंतु आयकराची आकारणी होऊन मागणीची नोटीस हाती पडली, तर अपिलास तीस दिवसांची मुदत असते, आणि त्या तीस दिवसांत, शक्यतो पहिल्याच आठवड्यात, सारे कागद जाणकार सीएपुढे ठेवावेत. येथे फीकडे पाहून मुदत दवडणे मला सर्वथा गैर वाटते.